रंगमंचावरची मराठी कोणाची?

नाटकातल्या शिव्या, बोली, हिंदी-इंग्रजीची सरमिसळ यांवरून दर काही वर्षांनी वाद पेटतो आणि ‘नाटकाची भाषा बिघडली’ ही तक्रार नव्याने ऐकू येते. गंमत अशी की मराठी नाटक जन्माला आलं तेव्हा त्याला लिहिलेली भाषाच नव्हती. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्यातली पदं तेवढी रचलेली होती आणि ती सूत्रधार गायचा. संवाद नटांनी प्रसंग पाहून, तोंडाला येतील तसे बोलायचे. बांधेसूद संहिता पुढे आली, संस्कृत आणि इंग्रजी नाटकांच्या भाषांतरांच्या वाटेने. ती लिहिणारे शिकलेले होते, बहुतेक ब्राह्मण, त्यामुळे रंगमंचावर त्यांच्या घरातली मराठी बसली आणि तीच प्रमाण ठरली.

दुसरी वाट तेव्हाही होती. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ लिहिलं. कुणब्याचं अडाणीपण आणि त्याला नाडणारा जोशी हा त्याचा विषय, आणि बोलणंही त्या माणसांचंच. ग्रंथांना बक्षीस देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारलं नाही. शंभराहून अधिक वर्षं ते अप्रकाशित राहिलं. ते वेळेत रंगमंचावर आलं असतं तर मराठी नाटकाचा कान वेगळा घडला असता, असं मला वाटतं.

किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने १८८० मध्ये संगीत नाटकाची चटक लावली. समकालीन घर रंगमंचावर ठसठशीतपणे आणलं ते देवलांच्या ‘शारदा’ने, १८९९ मध्ये. पैशासाठी म्हाताऱ्याला मुलगी देणारा बाप प्रेक्षकांनी आपल्या आळीत पाहिलेला होता, आणि नाटकातली माणसं त्या आळीतल्यासारखीच बोलत होती. खाडिलकरांनी मात्र पुराणाचा आडोसा घेतला. ‘कीचकवध’मध्ये (१९०७) कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातला देश, हे पिटातल्या, म्हणजे स्वस्त तिकिटाच्या, प्रेक्षकालाही सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये बंदी आली. नाट्यप्रयोगांवर लगाम घालणारा कायदा १८७६ पासून हाताशी होताच.

गडकऱ्यांच्या अलंकारिक, टाळ्या वसूल करणाऱ्या संवादांची मोहिनी पुढे बराच काळ टिकली. १९३२ मध्ये मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचं कंबरडं मोडलं. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’ने पदं कमी केली, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या आणि बोलणं दिवाणखान्यात शोभेल इतकं साधं केलं. पण दिवाणखाना मध्यमवर्गाचाच राहिला. मुंबईच्या गिरणगावात १९४४ पासून अण्णा भाऊ साठे, अमर शेख, द. ना. गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक तमाशाच्या बाजात कामगारांचं जगणं मांडत होतं. नाट्यसमीक्षेने त्याकडे बराच काळ कानाडोळा केला.

मग तेंडुलकर. पत्रकारितेत मुरलेल्या या लेखकाने अर्धी तुटलेली वाक्यं, अडखळणं आणि गप्प बसणं यांनाही संवादाचा दर्जा दिला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये एक हौशी नाटकमंडळी खोटा खटला मांडते. आरोप, साक्ष, उलटतपासणी हे कोर्टाचं शब्दभांडार हाती येताच ओळखीची, हसरी माणसं आपल्यातल्याच बेणारेबाईंच्या खाजगी आयुष्यावर तुटून पडतात. नियमाची भाषा बोलणाऱ्याला किती निर्दय होता येतं, हे मराठीत इतक्या थंडपणे क्वचितच कोणी दाखवलं असेल. ‘सखाराम बाइंडर’ (१९७२) वर नाटकांना परवानगी देणाऱ्या सरकारी परीनिरीक्षण मंडळाने कात्री चालवली तेव्हा दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. सखाराम जसा बोलतो तशी माणसं बोलतात, हे कोणी नाकारत नव्हतं. ते बोलणं तिकीट काढून ऐकणं अनेकांना पटत नव्हतं.

बोलीला व्यावसायिक यश मिळालं ते विनोदातून. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० पासून मालवणीत हजारो प्रयोग केले. त्यात एक गाव महाभारतावरचं नाटक बसवतं आणि पुराणपुरुषांची शान मालवणीत पार विसकटून जाते. यशाचा एक तोटाही झाला: बोली म्हणजे हशा, असं समीकरण पक्कं बसलं. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’ने (१९८५) वऱ्हाडी वळणाच्या बोलण्यात खचणाऱ्या वतनदार घराची शोकांतिका लिहून त्याला तडा दिला. २०१२ च्या ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’मध्ये जालन्याकडच्या कलाकारांनी इतिहास आणि जात यांचा हिशेब मराठवाडी बोलीत, शाहिरी ठसक्यात मागितला. प्रेक्षक हसले, पण हसू बोलीवर नव्हतं.

महाराष्ट्रात आजही नाटकाच्या प्रयोगाआधी संहिता परीनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. भाव्यांचे नट बोलत तसं ऐनवेळी सुचलेलं बोलण्याची सोय या व्यवस्थेत नाही. तिकडे १९६३ पासून चालणाऱ्या पुरुषोत्तम करंडकासारख्या एकांकिका स्पर्धांमधून कॉलेजची मुलं रंगमंचावर येत असतात. त्यांच्या एकाच वाक्यात गावची बोली, मोबाइलवरचं इंग्रजी आणि हिंदी सिनेमाची लकब सापडते. परीक्षकांपैकी कोणाला तरी ती मराठी अशुद्ध वाटतेच.