बॉनेटवरचा दगड

रविवारची सकाळ. कोल्हापुरातल्या कुठल्याही गल्लीत बोअरची मोटर सुरू असते, पाइप रस्त्यापर्यंत ओढलेली असते. गाडी धुऊन उन्हात उभी राहते आणि मालक मिसळ खायला जातो. तर्रीचा घाम पुसत तो परत येईपर्यंत काळ्या बॉनेटवर पांढऱ्या टिकल्यांची रांगोळी उमटलेली असते. फडकं घासून हात दुखतो, टिकल्या जागच्या हलत नाहीत, आणि बोलणी बसतात पोराला: ‘नीट धुतली नाहीस.’

पोरानं धुतलेली असते नीटच, पुसायची तेवढी राहिलेली असते. हा डाग मळाचा नसून दगडाचा आहे.

आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसाचं पाणी मातीतून मुरताना मुळं आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आंबट होतं. सोड्याच्या बाटलीत असतं तेच आम्ल, फक्त कितीतरी सौम्य. ते खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम हळूहळू विरघळवतं. बोअरमधून हे पाणी वर येतं, बॉनेटवर तापतं, वायू उडून जातो आणि विरघळलेलं कॅल्शियम मागं उरतं, कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात. गिझरच्या कॉइलवर बसतो तोच पांढरा थर.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. समजा बोअरचं पाणी ६०० चं आहे. मग १५ लिटरच्या बादलीत ९ ग्रॅम क्षार झाले. जवळपास दोन चमचे खडू आपण गाडीवर ओततो!

डाग कडेला ठळक आणि मध्ये फिका का दिसतो, याचं उत्तर १९९७ साली शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन, सिडनी नेगेल आणि सहकाऱ्यांनी दिलं, तेही कॉफीच्या डागावरून. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि तिथलं पाणी सर्वांत लवकर उडतं. ती तूट भरायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि सोबतचा गाळ तिथंच टाकतं. बशीत सांडून वाळलेल्या चहालाही अशीच कड येते.

दगड घासून जात नाही, आम्लानं विरघळतो. आजी बंबाला चिंच लावायची, तसंच. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करायचं, गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना ओलं फडकं डागावर मिनिटभर ठेवायचं, मग भरपूर पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करायचं. आधी एखाद्या कोपऱ्यात करून बघितलेलं बरं. लिंबूही चालतं, पण ते जास्त जहाल. वाळू दिलं तर नवाच डाग.

व्हिनेगरला न जुमानणारे डागही असतात. पाण्यातली सिलिका, म्हणजे वाळू जिची बनते तो पदार्थ, त्यात विरघळत नाही. कधी क्षार उन्हात रंगावरच्या पारदर्शक थराला खातो. मग वर चढलेलं काही नसतं, खळगा असतो. तो काढायचा तर आजूबाजूचा थर पॉलिशनं खाली आणावा लागतो. हा थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही बारीक. त्यामुळं दर दिवाळीला हौसेनं रबिंग मारणाऱ्यांना माझा हात जोडून नमस्कार.

गळीत हंगामात आणखी एक भानगड. कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या धुराड्यांतून उडालेली काळी राख पहाटेच्या दवात गाडीवर चिकटते. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर, म्हणजे कोरडं फडकं मारलं की झाला पॉलिशपेपर. तेव्हा आधी नुसतं पाणी सोडून राख वाहवायची, मगच हात लावायचा. त्याला बोअरचं पाणी चालेल. शेवटची बादली तेवढी कमी क्षारांच्या नळाच्या पाण्याची घ्यायची, आणि मिसळीला निघण्याआधी गाडी पुसायची.