टॅलीलिन रेल्वे, टाउइन (वेल्स)

टॅलीलिन रेल्वे ही वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या टाउइन या छोट्या गावातून आत डोंगरात नान्ट ग्वेर्नॉलपर्यंत जाणारी 11.7 किलोमीटरची वाफेची नॅरोगेज लाईन. बंद पडायला आलेली रेल्वे हौशी लोकांनी स्वतः चालवायला घ्यायची हा प्रकार जगात पहिल्यांदा इथे झाला, 1951 साली, आणि आज एकट्या ब्रिटनमधे अशा शंभराच्या वर लाईनी आहेत त्या सगळ्यांची ही थोरली बहीण. टाउइनच्या वार्फ स्टेशनात नॅरोगेज रेल्वेचं म्युझियम आहे, पण खरं सांगायचं तर ते अर्धंच म्युझियम, उरलेलं अर्धं बाहेर रुळावर धूर सोडत फिरत असतं आणि बघण्यासारखं जास्त तेच आहे.

लाईन बांधली पाटीच्या दगडासाठी, म्हणजे घरांच्या छपरांना लागणारी स्लेट. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापूस येईना, मँचेस्टरच्या गिरणीमालकांचा धंदा बसला, तेव्हा मॅककॉनेल नावाच्या गिरणीवाल्यांनी पैसा दुसरीकडे गुंतवायचा म्हणून अबरगिनॉलविन गावाजवळची ब्रिन एग्लुइस ही खाण घेतली आणि तिथला माल किनाऱ्यापर्यंत आणायला 1865 मधे ही रेल्वे केली. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 2 फूट 3 इंच, आपल्या नेरळ-माथेरानपेक्षा फक्त 3 इंच जास्त, आणि हे माप इतकं विचित्र की शेजारची कॉरिस रेल्वे सोडली तर फारसं कुठे सापडत नाही. या योगायोगाने पुढे लाईन वाचली, ते खाली येईलच.

प्रवासी वाहतुकीची परवानगी मागितली तेव्हा सरकारी इन्स्पेक्टर आला आणि त्याच्या लक्षात आलं की पुलाखालून जाताना डबा आणि भिंत यांच्यात नियमाएवढी जागाच नाहीये. आता पूल पाडून परत बांधणार कोण. मग तोड अशी काढली की डब्यांची एका बाजूची दारं कायमची बंद करून टाकायची आणि पुलाखाली रूळ थोडे एका बाजूला सरकवायचे, म्हणजे दाराच्या बाजूला तरी माणूस उतरू शकेल एवढी जागा मिळते. म्हणून या लाईनवर सगळे प्लॅटफॉर्म आजही एकाच बाजूला आहेत. माझ्या मते कंपनीकडे पैसे नव्हते याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठल्याही काचेच्या कपाटात मिळणार नाही.

1911 मधे तिथले खासदार हेन्री हेडन जोन्स (नंतर सर) यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतलं. 1946 च्या शेवटी खाणीत दरड कोसळली आणि खाण कायमची बंद झाली, मालच संपला तर मालगाडी कशाला, पण सर हेडन म्हणाले मी जिवंत आहे तोवर गाडी चालणार आणि पदरचे पैसे घालून त्यांनी ती चालवली. नंतर ब्रिटनमधल्या बहुतेक सगळ्या रेल्वे सरकारजमा झाल्या त्यात ही सुटली. तोपर्यंत रुळांवर गवत माजलं होतं, रूळ बरेचसे 1865 चेच, दोन इंजिनांपैकी ‘टॅलीलिन’ बंद आणि ‘डॉलगॉख’ एकटंच कसंबसं ओढत होतं. 1950 च्या जुलैमधे सर हेडन वारले.

टॉम रोल्ट नावाचे एक लेखक आणि इंजिनियर आधीपासून ही लाईन वाचवायच्या मागे लागलेले होते. ऑक्टोबर 1950 मधे बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरली, सोसायटी निघाली, सर हेडनच्या पत्नीने आडकाठी न करता कंपनी सोसायटीकडे सोपवली, आणि 14 मे 1951 ला वार्फ ते रिडरोनेन अशी स्वयंसेवकांची पहिली गाडी निघाली, पूर्ण लाईन नाही कारण पुढच्या रुळांचा भरवसा नव्हता. इथे कॉरिसचा योगायोग कामी आला. कॉरिस रेल्वे 1948 मधे बंद पडली होती, तिची दोन इंजिनं यार्डात उभी होती, त्याच गेजची, ती सोसायटीने 25-25 पौंडात उचलली. एकाला ‘सर हेडन’ नाव दिलं आणि दुसऱ्याला जुन्या मॅनेजरच्या नावाने ‘एडवर्ड थॉमस’. आणली खरी, पण टॅलीलिनचे रूळ इतके फाकले होते की ‘सर हेडन’ची चाकं आत घसरून इंजिन रुळावरून उतरायचं, म्हणजे आधी रूळ मग इंजिन हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला. 1953 मधे सैन्याच्या राखीव दलातल्या इंजिनियर लोकांनी येऊन बराच मार्ग नवा घातला.

सुरुवातीच्या स्वयंसेवकांत एक पाद्री होते, रेव्हरंड ऑड्री, म्हणजे ‘थॉमस द टँक इंजिन’ या लहान मुलांच्या गोष्टी लिहिणारे. त्यांच्या गोष्टींमधली डोंगरातली छोटी रेल्वे ही टॅलीलिनवरूनच घेतलीये आणि त्यातली इंजिनं इथल्या खऱ्या इंजिनांची भावंडं आहेत. त्यांची लिहायची खोली म्युझियममधे जशीच्या तशी मांडून ठेवलीये. लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी हे आधीच लक्षात ठेवावं, कारण मुलं तिथून हलत नाहीत आणि खाली गाडी सुटायची वेळ झालेली असते. म्युझियमची आत्ताची इमारत 2005 ची, आत वेगवेगळ्या खाणींची छोटी इंजिनं, वॅगनी, सिग्नल आणि नावाच्या पाट्या आहेत, तासाभरात बघून होतं.

पण इथे यायचं ते काम करणारी माणसं बघायला. पगारी स्टाफ थोडासा आहे, बाकी ड्रायव्हर, फायरमन (इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारा), गार्ड, तिकीट देणारे, गवत कापणारे, खडी भरणारे सगळे स्वयंसेवक, कुणी रिटायर्ड तर कुणी दुसरीकडे नोकरी करून सुट्टीत येणारे. एकदम इंजिनवर कुणी चढवत नाही. आधी क्लीनर, म्हणजे चिंध्या घेऊन इंजिन पुसायचं, राख काढायची, तेलाचा डबा घेऊन फिरायचं, मग परीक्षा देऊन फायरमन, आणि त्यानंतर बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर. गाडी सकाळी सुटायची असेल तर कुणीतरी त्याच्या कितीतरी आधी येऊन थंड पडलेल्या फायरबॉक्समधे, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत, लाकडं आणि तेलाची फडकी पेटवलेली असतात, बॉयलर सावकाश तापवावा लागतो, घाई केली तर प्लेटा आणि सांधे खराब होतात आणि बॉयलर दुरुस्त करण्याइतकं महाग काम या धंद्यात दुसरं नाही. गर्दी नसेल तेव्हा हे लोक भरभरून बोलतात, फक्त इंजिन सुटायच्या पाच मिनिटं आधी प्रश्न विचारू नयेत, तेव्हा फायरमनचं सगळं लक्ष बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचेवर आणि वाफेच्या प्रेशरवर असतं.

गाडी वार्फवरून निघाली की थोड्याच वेळात पेन्ड्रे लागतं, तिथे शेड आणि वर्कशॉप आहे. ‘टॉम रोल्ट’ नावाचं इंजिन इथेच तयार झालं, आयर्लंडमधे पीट वाहणाऱ्या एका इंजिनाचे भाग वापरून, 1991 मधे सेवेत आलं. लाईन एकेरी, त्यामुळे ड्रायव्हरकडे त्या टप्प्याचं टोकन (त्या टप्प्यात शिरायची परवानगी) असल्याशिवाय पुढे जाता येत नाही, दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात तिथे टोकनांची अदलाबदल चालते ती खिडकीतून बघायला मिळते. डॉलगॉखला विटांचा उंच पूल, पलीकडे स्टेशन, तिथे इंजिन पाणी पितं, आणि स्टेशनापासून चालत जाता येईल असा धबधबा आहे, बरेच लोक येताना तिथे उतरून पुढची गाडी पकडतात. शेवटचं नान्ट ग्वेर्नॉल हे प्रवाशांचं स्टेशन 1976 मधे झालं, त्याआधी प्रवासी अबरगिनॉलविनपर्यंतच जायचे आणि पुढचा तुकडा फक्त खाणीच्या मालाचा होता. एका बाजूचा प्रवास जवळपास तासाभराचा. रेल्वेचे अगदी सुरुवातीचे, 1866 च्या सुमाराचे चारचाकी डबे अजून गाडीला जोडतात, लाकडी बाकं, धक्के चांगलेच बसतात, पण चान्स मिळाला तर त्यातच बसावं.

2021 मधे वायव्य वेल्सचा स्लेटचा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, त्यात ब्रिन एग्लुइस खाण, अबरगिनॉलविन गाव आणि ही रेल्वे असा एक भाग आहे. म्हणजे दगड, तो काढणाऱ्यांचं गाव आणि तो वाहणारी गाडी, तिन्ही एकत्र बघायचं तर अबरगिनॉलविनला उतरून थोडं चालायची तयारी हवी.

टाउइनला मोठ्या रेल्वेची किनाऱ्यालगतची लाईनही येते आणि दोन्ही स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. मुख्य सीझन वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत, हिवाळ्यात गाड्या मोजक्याच, म्हणून टाइमटेबल बघूनच जावं, आणि ढग दिसो न दिसो रेनकोट घ्यावा. ऑगस्टमधे गेलात तर गावात ‘रेस द ट्रेन’ नावाची शर्यत असते, शेतं-चिखल-ओढे यातून लोक अबरगिनॉलविनपर्यंत धावत जाऊन परत येतात आणि गाडी त्यांच्याशी स्पर्धा करत तेवढंच अंतर तोडते, 1984 पासून चालू आहे, दरवर्षी काही धावणारे गाडीला हरवतातच.