मासा गेल्यावर टाकी धुऊन काढू नका

मासा गेला की पहिला हात जातो टाकी रिकामी करण्याकडे. सगळं पाणी ओतायचं, खडी घासायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढरा करायचा आणि दुसऱ्या दिवशी नवा मासा आणायचा. "टाकी तर लख्ख केली होती, तरी आठवड्यात दुसराही गेला," असं सांगत ग्राहक परत येतात तेव्हा आम्हाला फार वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा त्या धुण्यानेच घात केलेला असतो.

स्पंजवर आणि खडीवर उपयोगी जिवाणू राहतात. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. हे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बरंच कमी घातक असं नायट्रेट. नव्या टाकीत त्यांची वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन ती पाहता पाहता मारून टाकतं. साबण तर टाकीजवळ नकोच.

आधी गेलेला मासा नीट पाहा

तो लगेच बाहेर काढा, कुजू लागला की त्याचाही अमोनिया होतो. टाकून देण्याआधी पांढऱ्या बशीत ठेवून उजेडात दोन मिनिटं बघा. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके आहेत का? पर झिजलेत का? पोट फुगून खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिलेत का? मोबाइलवर फोटो काढून ठेवा. हाताला जखम असेल तर हातमोजे घालाच. माशांच्या क्षयाचे जंतू माणसाच्या त्वचेवर बरेच दिवस न जाणाऱ्या गाठी आणू शकतात.

मग पाणी

टेस्ट किटने मोजा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यच हवेत, नायट्रेट लिटरला 40 मिलिग्रॅमच्या आत. पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढून, टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट करून घाला. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा हलकेच दाबा. पाणी गढूळ होईल, स्पंज तपकिरीच राहील. तसाच परत लावा. फिल्टर मात्र बंद ठेवू नका, प्राणवायू तुटला की जिवाणू मरू लागतात. टाकीत एकही मासा उरला नसेल तर रोज अगदी चिमूटभर खाद्य टाकत राहा, म्हणजे जिवाणूंची उपासमार होणार नाही.

थांबायचं किती?

म्हातारपणाने गेला असेल आणि पाणी ठीक असेल तर आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइटची मापं शून्य राहिली की पुरे. पांढरे ठिपके दिसले असतील आणि टाकीत एकही मासा उरला नसेल, तर पाणी 25–26 अंशांवर ठेवून दोन आठवडे थांबा. हे ठिपके आणणारा परजीवी माशाशिवाय जगत नाही. इतर मासे असतील तर त्यांच्यावर उपचार करा, आणि शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी दोन-तीन आठवडे नवा मासा नको. मासे महिनोन्‌महिने एकेक करून खंगत, जखमा होऊन गेले असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा क्षयाची शंका घ्यावी लागते आणि कदाचित टाकीतली सगळी मांडणी मोडावीही लागते. अशा वेळी काहीही करण्याआधी आमच्याशी बोला.

नवा मासा

शक्य असेल तर 3–4 आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवा. जाळीही वेगळी वापरा. पिशवी पाण्यावर 15–20 मिनिटं तरंगू द्या, मग अर्धा तास दर पाच मिनिटांनी थोडं थोडं टाकीतलं पाणी पिशवीत घाला. मासा जाळीने सोडा; पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्या दिवशी दिवा बंद, खाणंही नको. एका वेळी एक-दोनच मासे आणा. जिवाणूंची संख्या वाढायला वेळ लागतो.

नवा मासा घ्यायला येताना टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत भरून आणा, आणि बाटली पाणी बदलण्याआधी भरा. आम्ही तुमच्यासमोर तपासतो. अमोनिया किंवा नायट्राइट दिसलं तर त्या दिवशी मासा देत नाही.