कृष्णेचे टीएमसी आणि क्युसेक

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरात पाणी शिरलेला माणूस तेव्हा एकच विचारत होता: अलमट्टीतून किती सोडताहेत? कर्नाटकातल्या, नदीच्या बऱ्याच खालच्या अंगाच्या या धरणाचा विसर्ग सांगलीकरांना तोंडपाठ झाला होता.

पुढे राज्य सरकारच्या वडनेरे समितीने या पुरासाठी अलमट्टीला थेट जबाबदार धरले नाही. तिचे बोट अतिवृष्टीकडे आणि पूरक्षेत्रातल्या अतिक्रमणांकडे होते. अनेकांना ते आजही पटलेले नाही. अलमट्टीत अडलेले पाणी मागे फुगून सांगलीपर्यंत येते का, हा फुगवट्याचा वाद घटकाभर बाजूला ठेवू, कारण तो उद्या मिटला तरी एक प्रश्न उरतोच. कोयना, वारणा, राधानगरी वर आणि अलमट्टी खाली, अशी धरणांची माळ एकाच नदीव्यवस्थेवर असताना तिचे दरवाजे कोणाच्या हिशेबाने हलायचे?

हिशेब तसा साधा आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी आणि एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर वाहिला तर ८.६४ टीएमसी पाणी होते. धरणात येणारे पाणी, म्हणजे येवा, तीन लाख क्युसेक असेल तर दिवसाला जवळपास २६ टीएमसी. अलमट्टीची क्षमता १२३ टीएमसी आहे. म्हणजे पूर्ण रिकामे असते, तरी अशा येव्याने ते पाच दिवसांच्या आत काठोकाठ भरेल. प्रत्यक्षात ऑगस्टमध्ये ते बरेचसे भरलेले असते. पुराला जागा हवी असेल तर पाणी यायच्या आधी काही दिवस, येव्यापेक्षा जास्त विसर्ग करून ती मोकळी करावी लागते. कोयनेची क्षमता १०५ टीएमसी, तिथेही हेच गणित.

आता धरणावरच्या अभियंत्याच्या जागी उभे राहा. पावसाच्या अंदाजावर भरवसा ठेवून त्याने वीस टीएमसी सोडले आणि पाऊस आलाच नाही, तर? विजापूर-बागलकोटच्या शेतकऱ्याचा रब्बी हंगाम कोरडा जाईल. सोडले नाहीत आणि ढग फुटले, तर काठची गावे बुडतील. जलाशय परिचालन सूची तारखेनुसार किती साठा असावा ते सांगते, पण चुकलेल्या अंदाजाची किंमत कोणी मोजायची हे तिच्यात नसते. माझ्या मते आंतरराज्य जलनियोजनाचे खरे दुखणे इथे आहे. आपण पाणी वाटून घेतले, जोखीम वाटून घेतलीच नाही.

खरे तर ती संधी पन्नास वर्षांपूर्वी आली होती. कृष्णेचे पाणी राज्यांत वाटून देण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बचावत लवादाने विजयवाड्याच्या बंधाऱ्यावरची १८९४-९५ पासूनची ७८ वर्षांची प्रवाहाची नोंद तपासली. चारांपैकी तीन वर्षे हमखास मिळेल असे पाणी निघाले २०६० टीएमसी. त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकला आणि ८०० तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला. सिंचनातून झिरपून नदीला परत मिळणारे पाणी यात वेगळे मिळवले गेले. ही झाली ‘अ’ योजना, आणि तीच अमलात आली. तिच्यात जादा पाणी वापरायची मुभा आंध्रला होती, त्यावर हक्क मात्र नव्हता.

लवादाने ‘ब’ योजनाही मांडली होती. तिच्यात संपूर्ण खोऱ्यासाठी एक कृष्णा खोरे प्राधिकरण होते. चांगल्या वर्षी जादा पाणी ठरलेल्या प्रमाणात वाटायचे आणि तुटीच्या वर्षी तूटही वाटायची. चौथ्या वर्षाचा विचार तिच्यात होता. पण त्यासाठी राज्यांची संमती किंवा संसदेचा कायदा हवा होता, आणि दोन्ही मिळाले नाही. नदी मंडळ कायदा तर १९५६ पासून पुस्तकात आहे, पण त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. २०१४ च्या आंध्र पुनर्रचनेनंतर कृष्णा नदी व्यवस्थापन मंडळ आले खरे, पण ते फक्त आंध्र आणि तेलंगणापुरते. नदी जिथे उगम पावते ते राज्य त्यात नाहीच!

दुसऱ्या, म्हणजे ब्रिजेश कुमार लवादाने २०१० मध्ये अलमट्टीची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली. तो निवाडा सर्वोच्च न्यायालयात अडकला आहे.

दरम्यान, फारसा गाजावाजा न होता थोडे काम पुढे सरकले आहे. कृष्णा-भीमा खोऱ्यात स्वयंचलित केंद्रांवरून पाऊस आणि पाणीपातळी लगेच कळते. २०१९ नंतर दोन्ही राज्यांचे अभियंते पावसाळ्यात विसर्गाचे आकडे एकमेकांना कळवू लागले. कोयनेचा विसर्ग, वाटेत मिळणारी वारणा आणि पंचगंगा, राजापूर बंधाऱ्यावरचा प्रवाह हे सगळे वेळेवर हाती असले, की अलमट्टीकडे किती आणि केव्हा पोचेल याचा अंदाज बांधता येतो. मात्र माहिती देणे वेगळे आणि त्या माहितीवर दरवाजा उघडायला बांधील असणे वेगळे.

उन्हाळ्यात उलटा व्यवहार असतो. काही टंचाईच्या वर्षी कर्नाटकच्या विनंतीवरून महाराष्ट्राने कोयना-वारणेतून पिण्यासाठी पाणी सोडले आहे. त्याच्या बदल्यात कर्नाटकच्या तुबची-बबलेश्वर योजनेतून सांगली जिल्ह्यातल्या जतच्या पूर्व भागातल्या गावांना पाणी द्यावे, असा प्रस्ताव वर्षानुवर्षे चर्चेत आहे. आपल्या बाजूने तिथे पाणी न्यायचे तर मोठा उपसा करावा लागतो, कर्नाटकचा कालवा मात्र सीमेला लागून आहे. ‘ब’ योजनेइतके त्यात काही मोठे नाही. निदान एवढा एक करार लेखी झाला, तर जोखीम वाटून घेण्याची सुरुवात तिथून करता येईल.