लिहिताना अडणाऱ्या मुलांसाठी टायपिंग : पालकांसाठी माहिती

“तोंडी विचारलं की घडाघडा सांगतो, पेपरात मात्र चार ओळींच्या पुढे जात नाही.” ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या टायपिंग क्लासमध्ये आलेले पालक बहुतेक वेळा इथूनच सुरुवात करतात. सोबत वही असते. पेन्सिल इतकी दाबलेली की अक्षरं मागच्या पानावर उमटलेली, खोडून खोडून कागद विरलेला, शिरोरेघ चढत चढत वरच्या ओळीला भिडलेली. अशी वही पाहून मुलाला आळशी म्हणू नका. एवढं पान भरायला त्याला इतरांच्या दुप्पट कष्ट पडलेले असतात.

काही मुलांना प्रत्येक अक्षराचं वळण दर वेळी नव्याने आठवावं लागतं. लक्ष तिथेच संपतं आणि उत्तर डोक्यातून निसटतं. डिसग्राफिया म्हणतात तो हाच त्रास असू शकतो, पण निदान तज्ज्ञांनीच करायचं, आम्ही नाही. ते जरूर करून घ्या. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली अडचण, डिसग्राफियाही त्यातच) समाविष्ट आहे. प्रमाणपत्र असेल तर सीबीएसईच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात, कम्प्युटरवर उत्तरं टाइप करायची परवानगीही मागता येते. राज्य मंडळाची शाळा असेल तर मुख्याध्यापकांना वेळेत भेटा, दहावीचा फॉर्म भरायच्या घाईत नको. सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फतच जातो.

टायपिंगमध्ये अक्षराला वळण द्यावं लागत नाही. कळ रोज त्याच जागी असते. एफ आणि जे या कळांवर छोटा उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या त्यावर टेकल्या की बाकीची बोटं न बघता आपापल्या जागी बसतात.

कोणत्या भाषेपासून सुरुवात?

शाळेचं माध्यम असेल त्या भाषेपासून. दोन्ही एकदम नको.

मराठी माध्यमाच्या मुलाला आम्ही इन्स्क्रिप्टच, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, शिकवतो, आणि याबाबत आमचा आग्रह आहे. इंग्रजी अक्षरांत ‘एम-ए-एल-ए’ असं टाइप करून ‘मला’ उमटवणं मोठ्यांना सोपं वाटतं. पण स्पेलिंगशी आधीच झगडणाऱ्या मुलावर त्यामुळे दुसरं ओझं येतं. इन्स्क्रिप्टमध्ये बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, मात्रा डाव्या हाताला. मधल्या ओळीवर उजवीकडे प, र, क, त, च, ट. त्याच कळा शिफ्ट धरून दाबल्या की ‘क’चा ‘ख’, ‘त’चा ‘थ’, ‘प’चा ‘फ’ होतो. पहिल्याच दिवशी, बोटं मधल्या ओळीवरून न हलवता, मूल ‘पोपट’ लिहितं. ‘चोर’ आणि ‘केर’सुद्धा.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. हाताने ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढावी लागते आणि ‘क’ नंतर. इथे आधी ‘क’, मग वेलांटी, म्हणजे बोलतो त्याच क्रमाने. ‘पत्र’ लिहायचं तर प, त, हलन्त, र. जोडाक्षर सुटं होऊन समोर येतं. पाचवीतल्या एका मुलाने ‘त्र’ असा तीन-चारदा टाइप करून पाहिला आणि म्हणाला, “म्हणजे यात र आहे?” तोवर तो ते अक्षर चित्र काढल्यासारखं काढत होता.

घरी काय करायचं?

साधारण आठ-नऊ वर्षांपासून हात कीबोर्डला पुरतात. रोज १० ते १५ मिनिटं पुरे. रविवारी दोन तास बसवून भरपाई होत नाही. हातांवर पातळ नॅपकिन टाका, म्हणजे नजर खाली जाणार नाही. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवा. मोबाइलवरचं अंगठ्यांनी केलेलं टायपिंग यात धरू नका.

वेग विचारू नका. “तीसची परीक्षा कधी देईल?” असं पालक विचारतात. मिनिटाला ३० शब्दांची ती सरकारी परीक्षा आमच्या मोठ्या बॅचसाठी आहे, या मुलांसमोर तिचं नावही काढू नका. आम्ही एकच मोजतो : एका मिनिटात हाताने किती उतरवलं आणि टाइप करून किती. दुसरा आकडा पहिल्याच्या पुढे जाईपर्यंत शाळेचा अभ्यास कीबोर्डवर आणू नका. त्याआधीच आणला की मूल दोन बोटांवर घसरतं आणि ती सवय मोडायला महिने जातात.

टायपिंगने शुद्धलेखन सुधारेलच असं नाही, वाचनाची अडचणही जाणार नाही. गणित, आकृत्या, नकाशे हातानेच करावे लागतील. ऑक्युपेशनल थेरपी (हाताच्या हालचाली आणि रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) चालू असेल तर ती बंद करू नका.

पहिल्या भेटीला वही आणा, पण मुलासमोर उघडू नका. बॅगेतच असू द्या. मूल कीबोर्डपाशी रमलं की आम्ही ती बाहेरच्या बाकावर बसून पाहू.