जिम लावलंय ते ठीक, पण उरलेल्या दिवसाचं काय?

सकाळी तासभर जिम, मग दिवसभर खुर्ची, संध्याकाळी सोफा, मधेमधे लिफ्ट, रिमोट, घरपोच सामान, आणि वर समाधान की आपण व्यायाम करतो ब्वा! व्यायाम चांगलाच, त्यात वाद नाही. पण तंत्रज्ञानानं आपल्याकडून जे काढून घेतलंय तो व्यायाम नव्हताच मुळी. ती होती बारीकसारीक हालचाल, म्हणजे उठणं, वाकणं, जिना चढणं, दुसऱ्या खोलीत जाऊन कुणालातरी काहीतरी सांगणं. ती कुणी मोजतच नव्हतं, त्यामुळे गेली तरी कळलं नाही.

मोजायचं मनावर घेतलं ते लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरनं. त्यानं डबल डेकर बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. बस तीच, पगारातही फार तफावत नाही, पण ड्रायव्हर शिफ्टभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत सारखा जिन्यावर वरखाली. १९५३ साली निष्कर्ष छापून आले, कंडक्टर लोकांना हृदयविकार कमी होता. आता कुणीही म्हणेल की ड्रायव्हर आधीपासूनच जाडे असतील, तर पठ्ठ्यानं नंतर गणवेशाच्या पँटींची कंबरेची मापंसुद्धा तपासली आणि ड्रायव्हर खरंच थोडे जाडे निघाले, म्हणजे सगळा दोष खुर्चीचा नसणार. तरी टपाल खात्यात पण तसंच दिसलेलं, टेबलावर काम करणाऱ्यांपेक्षा पत्रं वाटत फिरणारे बरे.

पुढे १९९९ मधे जेम्स लेव्हाईन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक भारी प्रयोग केला. १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा हजार कॅलरी जास्त खायला घातल्या. खाणं सगळ्यांचं सारखंच वाढलं, पण कुणाची चरबी अर्धा किलोसुद्धा वाढली नाही आणि कुणाची चार किलोच्या वर गेली. फरक कशानं पडला, तर व्यायाम सोडून जी हालचाल होते तिच्यानं. चुळबुळ करणं, उभं राहणं, इकडून तिकडे जाणं वगैरे. काहींचं शरीर जास्तीचं खाणं आलं की आपोआप जास्त हलायला लागतं, काहींचं नाही लागत. (आयुष्यात न्याय वगैरे नसतो हे इथेही दिसतंच.)

आत काय होतं ते बघण्यासारखं आहे. जेवल्यावर रक्तात साखर वाढते, ती पेशीत शिरायला एरवी इन्शुलिन लागतं. पण स्नायू आकुंचन पावत असेल ना, तर तो इन्शुलिनची वाट न बघता साखर आत ओढून घेतो, त्याचे साखर आत घेणारे दरवाजे हालचालीनंच उघडतात. आणि पायाचे, मांड्यांचे स्नायू सगळ्यात मोठे, नेमके खुर्चीत तेच गप्प. २०१२ च्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या लोकांना सलग बसवण्याऐवजी दर वीस मिनिटांनी फक्त दोन मिनिटं सावकाश चालायला लावलं, तर खाण्यानंतरची साखरेची वाढ साधारण पाव हिश्श्यानं कमी झाली. दोन मिनिटं! घाम नाही, बूट नाही, मेंबरशिप नाही.

म्हणून मग सगळं सोडून गुहेत राहायला जायचं का, तर अजिबात नाही. टांझानियातले हाडझा लोक अजून शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, ते पण दिवसाचे जवळपास दहा तास आरामच करतात असं २०२० मधे दिसलं. पण त्यातला बराच वेळ ते उकिडवे किंवा गुडघ्यावर बसतात, म्हणजे आराम करतानाही पायाचे स्नायू थोडे तरी कामात.

माझं मत विचाराल तर वॉशिंग मशीन कुणी सोडू नये. जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांनी एकदा रोजचे कपडे महिनाभर धुऊन दाखवावेत, मग बोलू. पाठ मोडणारी मेहनत मशीननं घेतली ते उत्तमच झालं. पण शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मेसेज टाकून कसले कष्ट वाचतात? फोनवर बोलताना बसायचं काय अडलंय? दुसऱ्या मजल्याला लिफ्ट कशाला, गुडघे दुखत नसतील तर? अशा फुटकळ सोयी परत करून टाकायच्या, नुकसान काहीच नाही.

झोपायच्या आधी स्क्रीन बघितली की तिच्या प्रकाशानं झोप उडते म्हणतात, त्याचं मात्र जरा जास्तच भूत केलंय असं मला वाटतं. २०१५ च्या एका प्रयोगात झोपायच्या आधी चार तास टॅबलेटवर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तकवाल्यांपेक्षा झोप लागायला दहाएक मिनिटं उशीर झाला, माणसंही जेमतेम १२. फोनमुळे तासभर उशिरा झोपतो तो प्रकाशापेक्षा आपण तो खाली ठेवत नाही म्हणून.

आणि ते दहा हजार पावलांचं! तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधे पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं तेव्हाचा, त्याच्या नावातच तो होता. २०१९ मधे सोळा हजारांहून जास्त वयस्कर बायकांवरचा अभ्यास आला, त्यात रोज ४,४०० पावलंवाल्यांचा मृत्यूचा धोकाही २,७०० वाल्यांपेक्षा बराच कमी होता आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. तेव्हा आकडा पुरा करायला रात्री अकराला पॅसेजमधे फेऱ्या मारणाऱ्यांनी सरळ झोपायला जावं.