शिलाई मशीन घेण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “यात डिझाइनं किती निघतात?” आम्ही विचारतो, “ताई, तुम्ही शिवणार काय?” उत्तर मिळालं की समोरची निम्मी मशीनं आपोआप बाजूला होतात. राजवाड्यापर्यंत, आमच्या दुकानात, उन्हातान्हात हेलपाटे घालण्याआधी हे पत्रक घरी निवांत वाचा.

साधं काळं लोखंडी मशीन फक्त सरळ टीप मारतं. पण ब्लाउज, परकर, झबली, अभ्रे, पडदे हे सगळं सरळ टिपेवरच होतं. वरचा धागा सुईतून येतो, खालचा बॉबिनमधून, म्हणजे खालच्या छोट्या रिळातून, आणि दोघे कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकतात. 1846 साली अमेरिकेत एलियास होव यांनी ज्या दुहेरी धाग्याच्या मशीनचं पेटंट घेतलं, त्याचा टाकाही असाच होता. आजचं महागडं मशीनसुद्धा सरळ टीप याच टाक्याने मारतं, म्हणून नुसत्या सरळ शिवणासाठी जास्त पैसे घालू नका. आजीचं मशीन माळ्यावर पडून असेल तर भंगारात देण्याआधी एकदा आम्हाला दाखवा. शटल (खालचा धागा अडकवणारा भाग) आणि दाते (कापड पुढे सरकवणारे) बदलून, मोटर बसवून अशी कितीतरी मशीनं पुन्हा चालू होतात. मोटर कुणाकडूनही बसवा, पण वरून बघताना चाक आपल्याकडे फिरतंय ना, ते तपासा. उलटं फिरलं की धागा गुंततो आणि तुटतो.

बाहेरचं शिवण घ्यायचं असेल तर हाफ शटल आणि फुल शटल यांतला फरक समजून घ्या. हाफ शटल थोडं फिरून मागे येतं, पुन्हा फिरतं. फुल शटल एकाच दिशेने पूर्ण गोल फिरतं, त्यामुळे वेगात चालवलं तरी हादरा कमी बसतो. टेलर मंडळींचं अंब्रेला मशीन बहुधा फुल शटलचंच असतं. दिवसाला चार-सहा ब्लाउज द्यायचे असतील तर आम्ही हेच सुचवतो.

घरगुती झिगझॅग मशीन हलकं असतं, कपाटात मावतं. काज करतं, कापडाची कड झिगझॅगने बांधतं, ताणल्या जाणाऱ्या कापडावर टाका तुटू देत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना आणि हौसेने शिवणाऱ्यांना ते सोयीचं आहे. पण रोज सात-आठ तास चालवायचं असेल तर घेऊ नका, आमच्याकडे विकायला असलं तरी. जीन्सचे चार पदर आले की ते अडखळतं. साड्यांना दिवसभर पिको करायचा असेल तर त्यासाठी वेगळं पिको मशीनच लागतं.

इंटरलॉक मशीन कापडाची कड कापतं आणि त्याच वेळी धाग्यांनी बांधतं. सरळ टीप मात्र मारत नाही, म्हणून ते नेहमी दुसरं मशीन, पहिलं नव्हे.

‘जुकी’ हे एका जपानी कंपनीचं नाव, पण बाजारात कारखान्याच्या सगळ्याच मशीनांना लोक जुकी म्हणतात. मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांपर्यंत त्याचा वेग जातो. त्याला क्लच किंवा सर्व्हो मोटर असते. क्लच मोटर बटण चालू असेपर्यंत फिरतच राहते, आवाजही करते. सर्व्हो मोटर पाय दाबला तरच फिरते, वीज वाचते, आणि वेग आधीच कमी करून ठेवता येतो. नवशिक्यांनी सर्व्होच घ्यावी.

येताना आपल्याच कापडाचे दोन तुकडे आणा: एक माहेश्वरीसारखं तलम, एक जाड. दुकानातल्या कडक सुती चिंधीवर कुठलंही मशीन सुरेख शिवतं. तलम कापडाला 11 नंबरची सुई, सुतीला 14, जीन्सला 16 किंवा 18 लावून स्वतः टीप मारा आणि कापड उलटून बघा. खालून धाग्याचे फासे लोंबत असतील तर वरचा ताण सैल आहे, किंवा धागा नीट ओवलेला नाही. खालचा धागा वर दिसत असेल तर वरचा ताण जास्त आहे. मग बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, काढा, धाग्याने लोंबकळत धरा आणि हलकेच झटका द्या. ती बोटभर खाली सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली गेली तर तिचा स्क्रू सैल, हललीच नाही तर घट्ट. लाज न बाळगता आमच्यासमोर करा, त्यासाठीच आम्ही काउंटर मोकळा ठेवतो.

मशीन घरी गेल्यावर तेल फक्त मशीनचंच घाला, तेही दोन-तीन थेंब. खोबरेल किंवा सरसोचं तेल घातलेली मशीनं दुरुस्तीला येतात तेव्हा आतलं तेल चिकट होऊन चाक बोटाने हलत नाही. तेल घातल्यावर आधी जुन्या चिंधीवर दोन-तीन टिपा मारा, मग चांगलं कापड घ्या.